यातला कोणता बरा लागला?

मुलगी बघायला येणाऱ्यांना ग्रीन टीच द्यायचा, हा कांचनचा हट्ट काही सुटेना. आजही पुंडलिकनगरच्या घरात तिनं मुलापुढं तीन कप मांडले आणि विचारलं, "यातला कोणता बरा लागला?"

आधीच्या मुलांपैकी कुणी पहिल्याचा वास वाखाणला होता, कुणी तिसऱ्याची चव. ह्याला मात्र बापानं कोपरानं ढोसलं, तरी तो म्हणाला, "मला तर तिन्ही सारखेच कडू लागले."

सारजाबाईनं लेकीमागं स्वयंपाकघरात येऊन कपाळावर हात मारला. "हे बी स्थळ घालवलंस! दुधाचा चहा दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"आता ठेव दुधाचा. अन् होकार सांग."

"अगं, त्याला आवडला नाय!"

"आई, दरवेळी तिन्ही कप एकाच पुडीतले असतात."