फक्त पाहण्यापुरतं

ताईंनी एंटर दाबलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पडद्यावर त्यांच्या नावापुढे आता ‘फक्त पाहणे’ एवढंच उरलं होतं. आज नोकरीचा शेवटचा दिवस. जाणाऱ्याने आपले अधिकार आपल्याच हाताने उतरवायचे, ही या खोलीची रीत आणि ती पाडलेली ताईंनीच. इमारतीतले सगळे कॉम्प्युटर ज्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात, त्या मुख्य स्विचवर कुणी नुसतं बघायचं, कुणी एखादं पोर्ट, म्हणजे एखाद्या कॉम्प्युटरची जोडणी, चालू-बंद करायची आणि कुणी वाटेल ते करायचं, हेही त्याच ठरवत आल्या होत्या. वाटेल ते करणारा माणूस एकच हवा, दोन झाले की भांडणं, असं त्यांचं ठाम मत.

“ताई,” शेजारच्या खुर्चीवरून वकील म्हणाला, “तुम्ही खाली उतरलात. पण मला वर कुठे चढवलंय अजून?”

वकील म्हणजे उद्यापासून त्यांच्या जागी बसणारा सहकारी. साध्या चहावरूनही मुद्दा काढतो, म्हणून हे नाव.

ताईंनी घाईघाईने त्याला वर चढवायची कमांड दिली. परवानगी नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. इतकी वर्षं त्यांचा शब्द खाली पडू न देणारं मशीन आज त्यांना ओळखही दाखवेना.

“म्हणजे आता हुकूम करणारं कुणीच नाही,” त्या पुटपुटल्या.

आणि तरीही सगळं चाललं होतं. मशीनवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पंखे एका सुरात घुमत होते, गार हवा पायांवरून वाहत होती. दोघं नुसते बघत बसले. ताईंना कसलीशी गुंगी आल्यासारखं झालं. घाबरायला हवं होतं, पण उलट बरंच वाटत होतं.

“मुद्दाम केलंत का?” वकिलाने हळूच विचारलं.

“काय माहीत रे,” ताई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

“सेव्ह केलेलं नाही ना?”

“कुठून करणार? आधीच पायउतार झाले.”

“मग सुटलो! बंद करून चालू करू. सेव्ह न केलेलं ते विसरून जाईल.”

जेवणाची सुट्टी होती. ताईंनी मजल्यामजल्यावर फोन करून सांगितलं आणि वकिलाने स्विचच्या मागची वायर उपसली. सगळे दिवे एकदम मालवले. पंख्यांचा आवाज विरत विरत थांबला. या खोलीत शांतता कशी असते, ते ताईंना आज कळलं.

वायर परत लागली. दिवे एकेक करून उजळले. मशीन जागं झालं ते सकाळचंच होऊन; दुपारचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ताईंनी पासवर्ड टाकला, आणि त्याने त्यांना पहिल्यासारखंच सगळ्या अधिकारांनिशी आत घेतलं.

“मी जरा पाणी पिऊन येतो,” वकील म्हणाला. त्याच्या टेबलावर बाटली भरलेली होती.

ताई एकट्याच राहिल्या. असंच राहू द्यावं, असं त्यांना फार वाटलं. डोळे भरून आले. कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी स्विचच्या कोमट पत्र्यावर हात ठेवला.

वकील परतला तेव्हा त्याच्या नावापुढे सगळे अधिकार होते आणि ताईंच्या नावापुढे पुन्हा ‘फक्त पाहणे’.

“या वेळी क्रम बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आता सेव्ह तेवढं तू कर. मला ते करता येत नाही.”

वकील खुर्चीवर बसला. कीबोर्ड पुढे ओढला, आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत राहिला.

“अरे, कर ना.”

“करतो की. घाई काय आहे?”

“आणि मधेच मशीन बंद पडलं म्हणजे?”

“म्हणजे काय,” वकील म्हणाला, “तुम्हाला यावं लागेल.”