आतून कडी

सकाळपासून पोराने आईच्या डोक्याला नुसता ताप दिला होता. ती मटार सोलायला बसली रे बसली की हा कागद घेऊन हजर. पोरगा कसला, पन्नाशी उलटलेला घोडा! पण वागणं असं, जणू पाटीवर पहिलंच अक्षर गिरवलंय आणि आता शाबासकी हवीय.

"आई, हे दोन कालचे. यातलं कुठलं भीतीदायक वाटतं?"

"तुझं वागणं," ती म्हणाली. "मेल्या, मी दुसरीतून घरी बसवलेली बाई. अक्षरांचं मला काय विचारतोस?"

"वाचायचं नाहीये गं. नुसतं बघायचंय."

हल्ली त्याचं सगळंच बिघडलं होतं. भर दुपारी टेबलावरच्या दिव्याचं बटण खटकन दाबायचा. परवा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि वर म्हणे, निसटला. "डोळे काय खुंटीला टांगलेस?" असं तिने खडसावलं, तर उलट उत्तर नाही की काही नाही. गुपचूप फरशी पुसत बसला. सून गेल्यापासून घरात ही दोघंच. आता धड भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

काम होतं भुताच्या सिनेमाचं. नाव 'आतून कडी'. ते पडद्यावर कसल्या अक्षरांत उमटावं, एवढंच ठरवायचं होतं. एके काळी पोस्टरवाले त्याच्या दारात ताटकळायचे. मग कॉम्प्युटर आले आणि दारावरची बेल मुकी झाली. कितीतरी महिन्यांनी ही दिग्दर्शक मुलगी आली होती. म्हणाली होती, "काका, मशीनच्या अक्षरांतून नुसतं रक्त गळतं. मला हाताची हवीत. पण गुरुवारी संध्याकाळपर्यंत. नाहीतर निर्माते मशीनचीच घेतील."

आज गुरुवार होता. हे काम हातचं गेलं तर पोरगा पुन्हा ब्रश धरणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सकाळी उठून तिने स्वतः त्याचं टेबल आवरलं होतं. ब्रश धुतले, शाईची आणि पाण्याची बरणी झाकणं लावून पुसली, जागच्या जागी ठेवली. तिच्या घरात मीठ मिठाच्या जागी आणि सुरी सुरीच्याच जागी. कुणी बोटभर सरकवलं की ती घर डोक्यावर घ्यायची.

"बरं, काय काय केलंयस ते तोंडाने सांग. मग बोलते," ती म्हणाली.

"या पहिल्यात वेलांटी नखासारखी ओढलीय."

"नख! भूत काय भाजी निवडतंय?"

"आणि यात 'क' मधोमध तडकलाय."

"तडकलेल्या बशा मी रोज हाताळते. कधी घाबरले नाही."

तो हसला नाही. टेबलाशी जाऊन बसला. झाकणं उघडल्याचा आवाज आला, मग कागदावर ब्रशची सरसर. मटारावरचे तिचे हात थांबले. सरसर एकदाही अडखळली नाही. थोड्या वेळाने तो तिच्यापाशी आला.

"यात नख नाही, काही नाही," तो म्हणाला. "साधी अक्षरं. ती गेल्यावर दारावरच्या पाटीवरून तिचं नाव काढलं आणि आपली दोघांची पुन्हा रंगवली होती ना, तशी."

कागद अजून ओला होता. आईने तो कडेला धरला.

"हाच," ती म्हणाली. "कालच्या दोन्हींत तुझा हात ठेचकाळलाय. यात कुठे थांबलाच नाही."

"नक्की? शाई पुरेशी गडद आहे?"

"कोळशासारखी आहे. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावरच तर आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी दिग्दर्शक मुलगी आली. त्याने तो एकच कागद तिच्या हातात दिला. "आईने निवडलंय."

मुलगी हसली. "भारी गंमत करता, काका! पण नाव कुठाय?"

"हातात आहे की तुझ्या."

"काका, हा कागद कोरा आहे. नुसता पाण्याने सुरकुतलाय." तिची पावलं टेबलाकडे गेली, काच किणकिणली. "शाई तर इकडे डावीकडे आहे. बरण्यांची अदलाबदल झालीय वाटतं."

तिचं हसू मध्येच विरलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "तू तर म्हणालीस, कोळशासारखी..."

आई उठली. परात लवंडली, मटार घरभर घरंगळले. दोन्ही हात पुढे करून ती त्याच्या आवाजाच्या रोखाने चालत गेली. आधी त्याचा खांदा लागला, मग गाल. गाल ओला होता.

"माझे डोळे गेले ते मी तुझ्यापासून लपवलं. आई आहे, तेवढा हक्क आहे मला," ती म्हणाली. "पण तुझे गेले ते तू माझ्यापासून लपवलंस, हे काही तुला शोभलं नाही."