बाही

“लस टोचूनही यांना फ्लू झालाच कसा? पाणी टोचलंत की काय?” वडिलांच्या खाटेशी उभा राहून मी डॉक्टरबाईंवर आवाज चढवला.

“या वयात शरीर नव्या लशीच्या अँटीबॉडी कमीच बनवतं,” त्या म्हणाल्या. “उरलेलं घरच्यांनी सांभाळायचं असतं. तुम्ही घेतलीत?”

घरात फ्लू मीच आणला होता. लशीच्या दिवशी नर्सने मलाही बोलावलं, तेव्हा “मला काय धाड भरलीय?” म्हणत मी गाडीत जाऊन बसलो होतो.

वडिलांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. धापा टाकत म्हणाले, “घेतली की! माझ्याआधी बाही वर केली होती पठ्ठ्याने.”

“छान केलंत,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या.

मी मान डोलावली.