जाईबाईची मनिऑर्डर

"जाईबाई चोर निघाली तं चोर म्हना, कुंदाताई. पन खरं काय ते सांगा."

मनकर्णाबाईंचं हे बोलणं कानात ठेवून कुंदाताईंनी वर्षभर अकोल्याहून अमरावतीच्या खेपा केल्या. पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण तिथल्या जुन्या टपालाच्या वह्या मोडी लिपीत होत्या, आणि मोडी त्यांना येत होती.

शोध एकाच मनिऑर्डरीचा होता. १८८९ साली मॉरिशसच्या उसाच्या मळ्यावरून जानरावानं बायकोच्या, जाईबाईच्या, नावे वीस रुपये पाठवले. पाठवल्याचं पत्र शेंदूरजनाघाटच्या घरी आलं. पैसे कोणी पाहिले नाहीत.

"मी एकटीच घरी होती. पोष्टमन आला अन् परत गेला," जाईबाई सांगत राहिली.

"आलेले पैसे कावून परत जातीन?" सासऱ्यानं चोरीचा आळ घेतला, तिचा पोरगा ठेवून घेतला आणि तिला घराबाहेर काढलं. परक्यांच्या रानात कापूस वेचता वेचता ती संपली. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागरी भरतात. त्या घरात तिची कधी भरली गेली नाही.

मनकर्णाबाई त्या पोराची नातसून. वय ऐंशीच्या पुढे. "खरी निघाली तं यंदा तिची घागर मी भरीन," असं त्या साऱ्यांदेखत बोलून बसल्या होत्या.

आखजीच्या आदल्या दिवशी कुंदाताई वहीची नक्कल घेऊन त्यांच्या ओट्यावर आल्या. दीर रामराव खाटेवर आडवे होते.

"वीस रुपयांपायी तिकिटाले किती गेले, ताई?"

"देवाला ठाऊक, भाऊ," कुंदाताई हसल्या. चष्मा लावून त्यांनी पोस्टमनचा शेरा सावकाश वाचला.

"पैसे घेणार बाईस पाठविणाराचे नाव तीन वेळा विचारिले. बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. कपाळीच्या कुंकवास बोट लाविते."

खाली दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं. "नाव सांगितले नाही. रक्कम परत करावी."

रामराव उठून बसले.

"आनखी कसं सांगते मंग बाई?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पायात चपला सरकवल्या आणि एकट्याच कुंभाराच्या घराकडे निघाल्या.