मऊ लागतंय का?

सुरुंगात दोन्ही हात गेल्यावर कमांडो हणमंत शेलारला पलटणीने नवे हात दिले होते. त्यांना स्पर्श कळायचा. पण रजेवर निघताना रायफलीसारखे तेही शस्त्रागारात जमा करावे लागत. त्यामुळे महिनाभर त्याने तान्ह्या लेकीला साध्या प्लॅस्टिकच्या हातांनी घेतलं. ती हातात आहे, हे त्याला फक्त दिसायचं.

आज रजा संपली. बायको, शीतल, लेकीला घेऊन गेटपर्यंत आली होती. शस्त्रागाराच्या खिडकीशी हवालदार निकमांनी ते हात बसवून दिले आणि नेहमीची तपासणी सुरू केली.

बर्फाचा खडा. "गार."

विटेचा तुकडा. "खरखरीत."

मग त्यांनी स्पंज उचलला, गेटकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला.

"वहिनी, बाळाला जरा इकडं आणा."

हणमंतने लेकीच्या गालावर बोट टेकवलं. गाल कोमट होता, दुधाने किंचित चिकट.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"मऊ लागतंय का?" निकमांनी फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

"अजून नीट कळेना, साहेब," हणमंत म्हणाला. "परत बघतो."

निकमांनी पेनाला टोपण लावलं.