तपासनीस कधीही येईल

अर्जावर सही नव्हती. तपासनीस बाईंनी ती मुद्दामच केली नव्हती. त्यातून खिडकी जेवणासाठी बंद व्हायच्या बेतात असताना त्यांनी तो अर्ज आत सरकवला. एवढ्यावर कुठल्याही कार्यालयात माणूस खेकसतोच, हा त्यांचा अनुभव.

"काकू, सही राहिली," खिडकीतली चष्मेवाली कारकून म्हणाली आणि स्वतःचं पेन पुढे केलं. "बसून करा. मी आहे इथेच."

बाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

सकाळपासून त्या पाणीपुरवठ्याच्या या छोट्याशा कार्यालयात, बाकावर बसून सगळं न्याहाळत होत्या. कमी ऐकू येणाऱ्या एका आजोबांनी तेच तेच विचारून वीट आणला, तर मीटर तपासणारा तरुण उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. कुणाचं तरी बिल चुकलं होतं, तेव्हा रोखपाल सगळ्यांदेखत म्हणाला, "चूक आमची." सरकारी कार्यालयात हे शब्द! बाईंचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

हे कार्यालय बंद करून मोठ्या कार्यालयात मिसळून टाकायचं, की इथली रीत सगळीकडे न्यायची, ते बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. भिंतीवर सुविचार आणि खिडकीत वसवस, अशी कार्यालयं त्यांनी ढिगाने पाहिली होती. इथे मात्र त्यांना भरून आलं. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी ओळखपत्र पुढे ठेवलं.

साहेबांनी आधी उठून दार लावलं.

"बाहेर कुणाला कळलं नाही ना, तुम्ही कोण ते?"

"नाही. का हो?"

"कळू देऊ नका, हात जोडतो." साहेब खुर्चीत मटकन बसले. "मी आलो तेव्हा इथे भांडणाशिवाय दिवस जात नव्हता. समजावलं, शिबिरं घेतली. सगळे ढिम्म! मग एक दिवस पुडी सोडली, की साध्या वेशात तपासनीस येणार आहे. कधीही, कुणाच्याही रूपात. तेव्हापासून दारात येणारा प्रत्येक माणूस त्यांना तपासनीस वाटतो. खरा येऊन गेला हे कळलं, की संपलंच सगळं."

बाईंचा चेहरा पडला. सकाळपासून ज्याचं कौतुक वाटत होतं, ती सगळी धास्ती होती तर!

"इथली माणसं चांगली आहेत, असं लिहिणार होते मी."

"मग लिहा की."

"धास्ती उतरल्यावर काय उरेल, ते सांगा. ते मांडता येईल."

साहेबांनी मान खाली घातली. बाईंनाही फार वाईट वाटलं, पण खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या उठून बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दाराशी चष्मेवाली पोचपावती घेऊन उभी होती. खिडकी बंद करून, डबा तसाच ठेवून ती आली होती.

"काकू," तिने आवाज खाली आणला, "तपासनीस तुम्हीच ना?"

साहेबांनी एवढे हात जोडले आणि आपण घोळ घातलाच!

"कशावरून?"

"सही राहिली म्हटल्यावर माणूस आधी स्वतःवर चिडतो. तुम्ही माझं तोंड बघत बसलात."

"हे बघ, कुणाला बोलू नकोस," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमच्या साहेबांनी किती कष्टांनी ही घडी बसवली आहे."

"म्हणून तर आले. तुम्हीही त्यांना एक सांगू नका, फार हिरमुसतील." तिने खोलीच्या बंद दाराकडे मायेने पाहिलं. "तपासनीस येणार अशी त्यांनी पुडी सोडली ना, त्याच आठवड्यात आम्ही मुख्य कार्यालयात फोन करून विचारलं होतं. कुणीही येणार नाही, असं तेव्हाच कळलं आम्हाला."