टँकर चालू झाला

दोन वर्षं पाऊस बरा झाला म्हणून भाऊसो कंत्राटदाराचा पाण्याचा टँकर लिंबाखाली उभ्या उभ्या गंजला होता. नाथाजी मिस्त्रीनं त्याची डिझेलची टाकी उतरवली, तर तळातून काकवीसारखा काळा गाळ निघाला. टाकी धुतली, पायपा फुंकल्या, फिल्टर नवा बसवला, लाइनीतली हवा काढली. सेल्फ मारल्यावर इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि धडधडायला लागलं.

समोर चौकात मांडव उभा राहत होता. उद्या नळाच्या पाण्याचं उद्घाटन. योजना भाऊसोनंच बांधलेली. दुष्काळात टँकरमागं पळून पळून नाथाजीच्या बायकोचे, बनुबाईचे गुडघे गेले होते. तिनं तर सकाळीच पाण्याचं बॅरल पुसून त्यात ज्वारी भरली होती.

"आता गिऱ्हाईक बघा भाऊसो," नाथाजी हात पुसत म्हणाला. "उद्यापास्नं टँकरला कोन इचारतंय?"

"इकायला न्हाई रं काढला."

"मग?"

भाऊसोनं चौकातल्या नव्या नळाकडं बघितलं आणि हसला. "गड्या, त्या पायपा मी पुरल्यात. किती टिकत्यात, ते मला ठावं."

नाथाजीनं बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"बॅरलातली ज्वारी वत भाईर."

"आवं, उद्या नळाला पाणी येतंय न्हवं?" बनुबाई म्हणाली.

"येतंय की. उद्याचा एकच दिवस येतंय."